पाहुण्याचे उत्तर

खोटे बोलणे पाप आहे, एवढेच ऐकण्यासाठी कोणी इमामाकडे येत नाही. ते प्रत्येकाला ठाऊक असते. माणूस येतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा पुढचा प्रश्न असतो: मी बोललो ते खरोखर खोटे होते का, आणि असेल तर त्याची भरपाई कोणाकडे करायची? गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस कागलमधील आमच्या मशिदीत इशाच्या नमाजनंतर एक तरुण असाच मागे रेंगाळला. चटया गुंडाळून झाल्या, दिवे मालवण्याची वेळ आली, तरी तो उठेना.

हा आमच्या मकतबचा जुना विद्यार्थी. फज्रनंतर नूरानी कायदा आणि सिपारा, मग घरी जाऊन चहा-चपाती, मग दप्तर उचलून मराठी शाळा, असे त्याचे लहानपण गेले. पुढे तो कोल्हापुरात अभियांत्रिकीला गेला, नेटाने फ्रेंच शिकला, आणि विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेतून एका सत्रासाठी फ्रान्समधील एका लहानशा शहरात राहून आला. तिथल्या विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांना एक-एक दिवस गावातील प्राथमिक शाळांत पाठविले होते. मुलांना आपल्या देशाविषयी सांगायचे, त्यांच्यात बसायचे, त्यांच्यासोबत जेवायचे आणि शाळा सुटली की परतायचे, इतकेच काम. त्या एका दिवसाची हकिकत त्याने मला सविस्तर सांगितली. ती ऐकताना त्याचा प्रश्न कोणत्या वळणावर येणार आहे याचा मला मुळीच अंदाज आला नाही, इतकी ती हकिकत आनंदाची होती.

शाळा साडेआठला भरते. दाराच्या कमानीवर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे तीन शब्द कोरलेले. मुले जोडीजोडीने हात धरून रांगेत आत येतात आणि आपापल्या खुंटीला कोट अडकवतात. बाई फळ्यावर त्या दिवसाची तारीख वळणदार, जोडून लिहिलेल्या अक्षरांत लिहितात आणि मुले ती वहीत उतरवितात. वहीच्या पानावर एकाखाली एक इतक्या बारीक रेघा आखलेल्या, की कोणते अक्षर किती उंच जावे हे रेघच सांगते. आपल्याकडील दुरेघी वही तिच्यापुढे उदार म्हणावी लागेल. सर्वांत नवल त्याला पाटीचे वाटले. आपल्या गावातून पाटी जवळजवळ हद्दपार झाली, तिथे मात्र ती अजून प्रत्येक बाकावर आहे. बाई तोंडी गणित घालतात, मुले उत्तर पाटीवर लिहितात आणि खूण होताच सगळ्या पाट्या एकदम वर होतात. कोणाचे चुकले ते बाईंना एका नजरेत कळते, आणि मोठ्याने उत्तर देणारा एखादा हुशार मुलगा बाकीच्यांना झाकून टाकत नाही.

याने मग त्या पाट्यांचा उपयोग केला. प्रत्येक मुलाचे नाव विचारून ते देवनागरीत फळ्यावर लिहिले. आठ-आठ वर्षांची वीस-बावीस मुले जिभा बाहेर काढून वेलांट्या आणि काने गिरवू लागली. वरच्या आडव्या रेघेने मुले विशेष खूष झाली. अक्षरे दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात, असे एक जण म्हणाला. मग पाट्या वर झाल्या आणि फ्रान्समधल्या त्या वर्गात वीस-बावीस मराठी अक्षरांतली नावे एकदम उभी राहिली. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते पाहून, मराठी घेऊन बी. ए. केलेल्या मलाही थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

पुढे प्रश्न सुरू झाले. तुमच्याकडे वाघ रस्त्यावर येतो का? बर्फ पडतो का? एका मुलाने विचारले, तुमचा देव कोणता? याने तोंड उघडण्यापूर्वीच बाई सौम्यपणे म्हणाल्या, हा प्रश्न आपण शाळेत घेत नाही, तो घरी विचारायचा. मूल गप्प बसले. पुढचा प्रश्न हत्तीवर आला.

दुपारी भोजनगृहात मुलांच्या मेजावर त्याला बसविले. मध्ये मोठ्या ताटात डुकराच्या मांसाचे काप, कुस्करलेले बटाटे, पावाची टोपली. मुले आपापल्या हाताने वाढून घेत होती. याने फक्त बटाटे घेतले. शेजारी एक मुलगी होती. तिनेही बटाटे आणि पावच घेतला होता, पण ते त्या क्षणी याच्या लक्षात आले नाही. तिने विचारले, "तुम्ही ते का घेतले नाही?" आणि हा म्हणाला, "मला भूक नाही."

मुलगी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने पावाची टोपली त्याच्याकडे सरकवली.

साडेचारला शाळा सुटली. फाटकाबाहेर पालक उभे होते. त्यांत डोक्यावर रुमाल घेतलेली एक स्त्री होती. तिच्याकडे पाहून याच्या तोंडून सवयीने सलाम गेला, तिने उत्तर दिले, आणि तेवढ्यात तिची मुलगी धावत येऊन तिला बिलगली. तीच ती शेजारची मुलगी. तिने सलाम ऐकला होता. तिने आईकडे पाहिले, मग याच्याकडे पाहिले आणि पाहतच राहिली. विचारले मात्र काहीच नाही.

"मौलाना," तो मला म्हणाला, "तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं."

मी त्याला नेहमीचे उत्तर दिले. गोष्ट लहान आहे, मनापासून तौबा कर, अल्लाह क्षमाशील आहे. तो म्हणाला, "तौबा तर मी त्याच रात्री केली. पण ती मुलगी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. उद्या बोलू, असे सांगून मी दिवे मालवले. आपल्या शास्त्रात अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, असा जो भेद शिकविला जातो तो मी दरवर्षी मुलांना पाठ करून घेतो. बंद्याच्या हक्काला धक्का लागला तर केवळ तौबा पुरेशी होत नाही, ज्याचा हक्क त्याच्याकडे जावे लागते. उधार घेतलेल्या पैशांविषयी आणि शेताच्या बांधाविषयी मी हा नियम किती वेळा सांगितला असेल! आठ वर्षांच्या मुलीने भोजनगृहात विचारलेल्या प्रश्नाला तो लागू होतो, हे मला त्या मुलाने सांगावे लागले.

त्याच्या मित्रांनी त्याची समजूत काढली होती की त्या देशातला नियमच तसा आहे, शाळेत धर्माविषयी बोलायचे नाही, म्हणून तू केलेस ते योग्यच. हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही, कारण पाहुण्याने यजमानाच्या घराचा नियम पाळावा हे आपणही मानतो, आणि केलेला करार पाळणे हे तर ईमानाचे अंग आहे. म्हणून तो नियम नेमका काय आहे हे न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. आपल्या वर्तमानपत्रांत फ्रान्सचे नाव येते ते २००४ च्या कायद्यामुळे. सरकारी शाळांत विद्यार्थ्यांनी ठळक धार्मिक चिन्हे धारण करू नयेत असा तो कायदा. त्यामुळे हा सगळा खटाटोप केवळ आपल्याविरुद्ध आहे अशी आपली समजूत होते. पण शाळा आणि धर्म यांची फारकत तिथे त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि ती मूळची त्यांच्याच चर्चशी झालेल्या भांडणातून आली. २८ मार्च १८८२ च्या कायद्याने सार्वजनिक प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण वगळले. त्याच कायद्याने रविवारखेरीज आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवला, ज्या पालकांना हवे त्यांनी त्या दिवशी शाळेबाहेर मुलांना धर्म शिकवावा म्हणून. म्हणजे मकतबसाठी जागा सोडली होती म्हणा! पुढच्याच वर्षी शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांनी शिक्षकांना पत्र लिहून एक कसोटी दिली. तुमच्या वर्गात मुलांचे वडील बसले आहेत असे समजा. तुम्ही जे सांगणार आहात त्यावर त्यांपैकी एकाही प्रामाणिक माणसाला आक्षेप घ्यावासा वाटेल का, याचा विचार करा. वाटेल असे दिसले तर ते बोलू नका. मला ही कसोटी वाईट वाटत नाही. आपल्याकडील काही शिक्षकांनी, आणि मिंबरवरून बोलणाऱ्या आम्हा काही मंडळींनीही, ती अधूनमधून स्वतःला लावून पाहावी अशी आहे.

मात्र ती कसोटी शिक्षकाच्या उपदेशासाठी आहे. ती शिक्षकाला मौन शिकवते. खोटे बोलायला ती कोणालाच सांगत नाही. बाईंनी त्या दिवशी काय केले? मुलाचा प्रश्न त्यांनी उघडपणे बाजूला ठेवला. हा प्रश्न इथला नाही, असे सांगितले. प्रश्नच नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या आपल्या नियमाशी प्रामाणिक राहिल्या. आमच्या मुलाने भोजनगृहात जे केले ते त्यांच्या नियमातही बसत नव्हते आणि आपल्याही नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात या दोन्ही बाजूंचे धडे आहेत. हुदैबियाचा तह झाला तेव्हा, हिजरी ६ मध्ये, सुहैल बिन अम्रने तहनाम्याच्या मथळ्यावर आणि 'अल्लाहचे प्रेषित' या शब्दांवर हरकत घेतली. लिहिणारे हजरत अली (रजि.) ते शब्द पुसायला तयार होईनात. प्रेषितांनी (स.) ते स्वतः पुसले आणि वडिलांच्या नावासह आपले नाव लिहविले. समोरच्याला मान्य नसलेला शब्द कागदावरून उतरला, सत्याला काही झाले नाही, आणि जे लिहिले गेले तेही खरेच होते. ही झाली मौनाची मर्यादा. दुसरा प्रसंग हबशाच्या दरबारातला. मक्केतील छळाला कंटाळून गेलेले मुस्लिम तिथे परक्या धर्माच्या राजाच्या आश्रयाला होते. ते गल्लोगल्ली प्रवचने देत फिरत नव्हते, निमूट राहत होते. पण कुरैशच्या दूतांनी कागाळी केली आणि नज्जाशीने ईसा (अलै.) यांच्याविषयी सरळ प्रश्न केला, तेव्हा हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांनी आपण जे मानतो तेच सांगितले. आश्रय जाण्याचे भय होते. साथीदारांनी आदल्या रात्री आपसांत विचारही केला होता की काय बोलावे. ठरले ते एवढेच, की काहीही होवो, जे आहे ते सांगायचे. विचारले नाही तोवर गप्प राहणे आणि विचारल्यावर खरे सांगणे, दोन्ही त्याच माणसांनी केले.

इथे मदरशातला एखादा विद्यार्थी तौरियाची आठवण काढील. तौरिया म्हणजे असे बोलणे, की शब्द एका अर्थाने खरे असतात आणि ऐकणारा दुसरा अर्थ घेतो. हिजरतच्या वाटेवर लोक हजरत अबू बक्र (रजि.) यांना विचारीत, तुमच्यासोबत हे कोण? ते सांगत, मला वाट दाखविणारा माणूस. ऐकणाऱ्याला वाटे, वाळवंटातला वाटाड्या असेल. शब्द खरे होते. पण त्या वेळी मागे तलवारी होत्या आणि डोक्यावर इनाम लागलेले होते. आमच्या मुलाच्या मागे काय होते? थोडा संकोच, परक्या भाषेत समजावून सांगण्याचा कंटाळा, आणि इतक्या लहान मुलीला काय कळणार हा विचार. तौरियाची ढाल एवढ्यासाठी उचलायची नसते. शिवाय त्याचे शब्द दोन अर्थांचेही नव्हते. त्याला सडकून भूक लागली होती, हे त्यानेच मला सांगितले.

लहान मुलाशी बोललेले खोटे हे लहान खोटे, असा आपला एक ठाम समज असतो. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) यांच्या बालपणीची आठवण अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आली आहे. त्यांच्या आईने त्यांना काहीतरी देण्याच्या आमिषाने हाक मारली. प्रेषित (स.) त्या वेळी घरात बसले होते. त्यांनी आईला विचारले, त्याला काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. त्यावर प्रेषितांनी (स.) तिला बजावले की काहीच दिले नसतेस तर हे तुझ्या नावावर खोटे म्हणून नोंदले गेले असते. एका खजुराची ही गोष्ट. आपण दिवसातून किती वेळा मुलांना असे बोलावतो, याचा हिशेब मी इथे मांडत नाही.

आणि मग खरे उत्तर तरी काय द्यायचे होते? त्याने मला विचारले तेव्हा मला वाटले की ते फार सोपे आहे: "आमच्या घरी हे खात नाहीत." पाच शब्द. त्यांत प्रचार नाही, बाईंच्या नियमाचा भंग नाही, ताटातले खाणाऱ्या इतर मुलांचा अवमान नाही. आणि शेजारी बसलेल्या त्या मुलीला, जी बहुधा रोज बटाट्यांवर आणि पावावर जेवण भागवीत असेल, निदान त्या दिवसापुरती एक सोबत मिळाली असती. तिने प्रश्न जिज्ञासेने विचारला नसून ओळख पटविण्यासाठी विचारला असावा, हे त्याला फाटकाजवळ उमगले. मग त्याला आणखी एक भीती वाटू लागली: मोठी माणसे अशा वेळी "भूक नाही" असेच म्हणतात, हे ती आता शिकली असेल.

भोजनगृहातला हा पेच तिथे न्यायालयापर्यंत गेलेला आहे. शालों-सुर-सोन या शहरात १९८४ पासून डुकराच्या मांसाच्या दिवशी मुलांना पर्यायी पदार्थ मिळत असे. नगरपालिकेने तो २०१५ मध्ये बंद केला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितले की असा पर्याय देणे नगरपालिकेवर बंधनकारक नाही, आणि तो देणे धर्मनिरपेक्ष राज्यव्यवस्थेच्या तत्त्वाविरुद्धही नाही. म्हणजे निर्णय पुन्हा गावागावाच्या मनावर आला. कायदा ताटात काय असावे ते ठरवू शकतो किंवा ठरविण्याचे नाकारू शकतो, पण शेजारी बसलेल्याने काय बोलावे हे त्याच्या हातात नाही.

फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांसोबत गेलेला एक इमाम इतिहासात होऊन गेला आहे आणि या विषयात त्याची आठवण येणे साहजिक आहे. रिफाआ राफे अत-तहतावी हे अल-अजहरचे तरुण विद्वान. मिसरच्या मुहम्मद अली पाशाने १८२६ मध्ये चाळीसहून अधिक विद्यार्थी पॅरिसला पाठविले, तेव्हा त्यांचे इमाम म्हणून तहतावींना सोबत दिले. ते केवळ नमाज पढवून स्वस्थ बसले नाहीत. फ्रेंच शिकले, पाच वर्षे राहिले, परत येऊन १८३४ मध्ये त्यांचा ग्रंथ छापला गेला आणि पुढे त्यांनी भाषांची शाळा चालविली. मार्सेयला उतरताच मांडलेले मेज, खुर्च्या, सुऱ्या-काटे आणि प्रत्येकाचे वेगळे ताट पाहून झालेले नवल त्यांनी नोंदविले आहे. जे आवडले ते आवडले म्हणून लिहिले आणि जे पटले नाही ते पटले नाही म्हणून लिहिले. यजमानाच्या तोंडावर गोड आणि घरी येऊन कडू, असा प्रकार त्यांनी केला नाही. माझ्या मते उत्तम पाहुण्याची हीच ओळख.

एव्हाना वाचकांना वाटले असेल की इमामसाहेबांना सगळी उत्तरे सापडली. त्या रात्री झोप लागली नाही ती मात्र वेगळ्याच कारणाने. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करता येणार नाही.

त्याच्या आदल्या वर्षी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेने स्नेहसंमेलनाला मला बोलावले होते. मुलांसमोर चार शब्द बोललो, टाळ्या झाल्या. सकाळी शाळेत सत्यनारायणाची पूजा झाली होती. तिसरीतला एक मुलगा द्रोणात शिरा घेऊन माझ्यासमोर आला. अल्लाहखेरीज अन्य कोणाला अर्पण केलेले अन्न आम्ही घेत नाही, हे सर्वश्रुत आहे, आणि मी ते नम्रपणे सांगितले असते तर तिथले कोणीही रागावले नसते. पण सभोवती पाहुणे, समोर मुलाचा हसरा चेहरा. मी म्हणालो, "बाळ, माझा रोजा आहे." रोजा नव्हता. सकाळी मी पोटभर पोहे खाऊन निघालो होतो. मुलगा क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "मग डब्यात घालून देऊ? सांच्याला सोडताना खावा." आणि त्याने स्वतःच्या डब्यातली उरलेली चपाती काढून, डबा नळाखाली धुऊन, त्यात तो शिरा भरून दिला. मी तो घेऊन आलो आणि शेजारच्या आजींना दिला. डबा दुसऱ्या दिवशी कोणाकरवी तरी परत पाठविला.

आमच्या मुलाने भुकेविषयी खोटे सांगितले. मी इबादतीचे नाव घेऊन सांगितले. दोघांत जड कोणते, हे सांगायला मुफ्तींकडे जाण्याची गरज नाही.

मी याचा विचार करू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. फ्रान्समधल्या मुलीने निदान प्रश्न विचारला. माझ्यासमोरच्या मुलाने शिरा पुढे केला, आणि मी नकार देताच कारण न विचारता तोडगा काढला. आपल्याकडे मुले एकमेकांच्या धर्माविषयी सहसा विचारीतच नाहीत. आपण त्याला सामंजस्य म्हणतो, आणि पुष्कळ वेळा ते असतेही. कागलमध्ये गैबी पीराच्या ऊरुसात सगळे गाव एकत्र येते (त्यातील काही प्रथांविषयी माझी मते वेगळी आहेत, पण तो आजचा विषय नव्हे). राजर्षी शाहू महाराज याच कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्याआधी १९०१ पासून समाजासमाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. मुस्लिम बोर्डिंग १९०६ चे. फ्रान्सने धर्म दाराबाहेर ठेवून सर्व मुलांना एका मेजावर बसविले. महाराजांनी जेवणाच्या पंगती ज्याच्या त्याच्या ठेवल्या आणि वर्ग सर्वांचा एक केला. त्या काळच्या पालकांची भीती पाहता याहून शहाणा मार्ग मला दिसत नाही. त्याच मार्गाने आमच्या कित्येक पिढ्या शिकल्या. शाळेसाठी कागलच्या मुलाने किती झगडावे लागे हे आनंद यादवांच्या 'झोंबी'ने महाराष्ट्राला दाखविले आहेच. पण एकत्र जेवायची वेळच न आल्यामुळे एक प्रश्न आपल्या मुलांनी कधी विचारला नाही: तू हे का खात नाहीस? विचारला नाही, कारण त्यांना उत्तर आधीच मिळालेले असते. ते उत्तर त्यांना शेजारच्या मुलाने दिलेले नसते. ते कुठून तरी, कोणाकडून तरी, मोबाइलवरून आलेले असते, आणि आजकाल ते बहुतेक वेळा विषारी असते.

म्हणून मूल जेव्हा स्वतः विचारते, किंवा आपल्या समोर शिरा धरते, तेव्हा ती संधी दवडण्याचा आपल्याला अधिकार नाही असे मला वाटू लागले आहे. त्याचा हक्क नेमका तोच: ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्याच्याच तोंडून उत्तर मिळणे.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी माझी हकिकत त्याला सांगितली. इमामाने शिष्यापुढे असे काही कबूल करावे की नाही याविषयी दोन मते असू शकतात. तो हसला नाही, हे त्याचे सौजन्य. आम्ही दोघांनी मिळून ठरविले की त्याने त्या शाळेला पत्र लिहावे. मुलीचे नाव त्याला आठवत नव्हते. ते त्याने स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिले होते, पण वीस-बावीस नावांतले ते कोणते, हे सांगता येईना. म्हणून पत्र बाईंच्या नावे, सगळ्या वर्गासाठी. त्यात त्याने मुलांचे आभार मानले, शाळेच्या पाट्यांचे कौतुक केले, आणि शेवटी लिहिले की जेवताना एका मुलीने मला प्रश्न विचारला होता, मी भूक नाही म्हणालो, ते खरे नव्हते. आमच्या घरी ते खात नाहीत आणि मला हे सांगायला संकोच वाटला. तिने पाव दिला याबद्दल तिचे आभार. हे वाक्य शाळेच्या नियमात बसत नसेल तर वर्गात वाचू नये, असेही त्याने बाईंना वेगळ्या चिठ्ठीत कळविले. पत्र कागलच्या टपाल कार्यालयातून गेले. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. बाईंनी ते वाचून दाखविले असेल किंवा कपाटात ठेवले असेल. दोन्ही त्यांच्या अखत्यारीत.

मला टपालाची सोय नव्हती. मी एका शनिवारी सकाळची शाळा सुटण्याच्या सुमारास त्या शाळेत गेलो. मुलगा आता चौथीत होता. त्याने मला ओळखले. मी त्याला पायरीवर बसवून सांगितले, की त्या दिवशी माझा रोजा नव्हता, आम्ही देवाला दाखविलेला नैवेद्य घेत नाही, आणि हे तुला सांगायला मी लाजलो. तू डबा धुऊन दिलास, आणि मी तुझ्याशी खोटे बोललो.

त्याने बराच विचार केला. मग विचारले, "म्हंजे तुमाला शिरा आवडत न्हाई, असं न्हवं न्हवं?"

मी म्हणालो, "नाही. शिरा फार आवडतो."

"मग आईला सांगतो," तो म्हणाला, "निवद दाखवायच्या आधीच तुमचा येगळा काढून ठेव म्हनून. चालंल का?"

मी चालेल म्हणालो.